उलट्या लवेचं फूल

सेंदाई, जपान
७ जुलै २०१३

प्रिय लक्ष्मण,

पत्राला फार उशीर झाला, रागावू नकोस. तुझी दिवाळीची कार्डं दरवर्षी पोचत होती, इथे आल्यावर जुन्या घराचे शेजारी पाठवायचे, एकही गहाळ झालं नाही. झालं असतं तर बरं, टपाल खात्यावर ढकलता तरी आलं असतं. प्रत्येक कार्डात खाली तुझ्या तिरप्या अक्षरात तीच ओळ, ‘मोरूदादा, खुशाली कळव.’ तर कळवतो. खुशाल आहे. डावा गुडघा, पित्त आणि काळजी हे तिघे सोबतीला आहेत, पण ते तुझ्या ओळखीचेच. अक्षराकडे लक्ष देऊ नकोस. सातवीपर्यंतचं शिक्षण, त्यात हे पत्र तिसऱ्यांदा लिहितोय. पहिली दोन फाडली. इथे कागदाचा कचरा वेगळ्या पिशवीत टाकायचा असतो आणि पिशवीतून आतलं सगळं दिसतं. सुचेताच्या, म्हणजे आमच्या सूनबाईच्या, नजरेस पडलं असतं तर? म्हणून बारीक तुकडे करून तीन आठवड्यांच्या कचऱ्यात थोडेथोडे मिसळले.

मी जपानात कसा, असं तुला वाटेल. तुझी वहिनी गेल्यावर नीलकंठने मला एकट्याला राहू दिलं नाही. तोच नीलकंठ, जो आपल्या भायखळ्याच्या कारखान्यात गुंडाळलेल्या गालिच्यांवर घोडा घोडा खेळायचा आणि तू त्याला उरलेल्या लोकरीचे गोंडे करून द्यायचास. आता तो इथल्या विद्यापीठात लोखंडाला भेगा कशा पडतात ते बघतो. बापाने जन्मभर गालिचे धुतले, मुलगा भेगा मोजतो. सव्वादोन वर्षांपूर्वी इथे जो मोठा भूकंप झाला तो तू टीव्हीवर पाहिला असशील. समुद्राकडे काय झालं ते मी लिहीत नाही. त्या रस्त्याने नीलकंठ गाडी अगदी सावकाश नेतो. आमचं घर उंचावर आहे, त्याला काही झालं नाही, पण जमीन अजून अधूनमधून अंग झटकते. मी जेवायच्या टेबलावर दोऱ्याने एक चमचा टांगून ठेवलाय. तो हलला की मी टेबलाखाली जातो. आठ वर्षांची पूर्वी, माझी नात, म्हणते, ‘आजोबा, दाइजोबू, पंखा चालू आहे.’ दाइजोबू म्हणजे काही नाही, ठीक आहे. या पोरीला सगळंच ठीक वाटतं. सरकारने सांगितलंय, दाराशी एक पिशवी तयार ठेवा: पाणी, टॉर्च, शिट्टी. मी त्यात थालीपिठाची भाजणी, अडकित्ता आणि नीलकंठचं दहावीचं गुणपत्रक घातलं. सुचेताने गुणपत्रक काढून ठेवलं. मी पुन्हा घातलं.

मुद्द्यावर येतो. येतोच आहे, घाई करू नकोस.

इथून बसने दीड तासावर डोंगरात एक इंग्लिश घर आहे. दिसायला अगदी अस्सल, पण जपान्यांनी बांधलेलं. विलायतेत म्हणे श्रीमंत लोक शहराला कंटाळले की रानात शंभर खोल्यांचं घर बांधत, त्याला कंट्री हाऊस म्हणतात. आपल्याकडे शेतावरचं घर म्हणजे एक खाट, एक कंदील आणि पंपाचं बटण. पंचवीसेक वर्षांपूर्वी इथल्या एका श्रीमंत माणसाला तसं घर असावं असं वाटलं. त्याने विलायतेहून विटा आणल्या, दारं आणली, हरणांची मुंडकी आणली. आता तिथे लग्नं लागतात आणि जपानी लोक इंग्रजांसारखा चहा कसा प्यावा ते शिकायला येतात. भूकंपात दिवाणखान्याच्या छताचा एक तुकडा पडला, तेव्हापासून तेवढा भाग बंद आहे, बाकीचं बघायला सोडतात. एप्रिलात नीलकंठच्या खात्याची सहल तिथे गेली आणि मला घरी एकटं ठेवायला नको म्हणून पूर्वीबरोबर मलाही नेलं.

आता या देशात आल्यापासून मी एकच गोष्ट नीट शिकलोय, की दारात पायताण काढायचं. आपल्याला ते शिकवायला नकोच. आपल्या शेठच्या कारखान्यात चपलेचा पाय गालिच्याला लागला तर कानफटात बसायची. तेव्हा मी दारातच बूट काढले, टोकं बाहेरच्या बाजूला करून नीट ठेवले, आणि आतून घराची व्यवस्था बघणाऱ्या ओगावा-सान, म्हणजे ओगावाबाई, धावत आल्या. साठीच्या बाई, करडा झगा, चालणं हेडमास्तरणीचं. म्हणाल्या, इथे बूट घालूनच यायचं, हे इंग्लिश घर आहे. मी म्हटलं, गालिच्यावर? म्हणाल्या, होय, तीच तर इथली रीत. लक्ष्मण, माझा पाय उचलेना. नीलकंठ कानात म्हणाला, ‘बाबा, प्लीज.’ शेवटी बूट घातले, पण गालिच्यावर पाय ठेवायचा नाही म्हणून भिंतीला पाठ लावून, कडेच्या लाकडी पट्टीवरून, खेकड्यासारखा आडवा चालत निघालो. मागे वळून पाहतो तर नीलकंठच्या खात्यातले तेरा जपानी तसेच, भिंतीला पाठ लावून, आडवे. त्यांना वाटलं भारतात इंग्लिश घर असंच बघतात. नीलकंठ एकटा मधोमध उभा, दोन्ही हात तोंडावर.

तर अशा त्या आडव्या चालीने मी बंद दिवाणखान्याच्या दारापर्यंत आलो. दार उघडं होतं, आत दोरी लावलेली. पाहिलं आणि तिथेच थांबलो, मागचे तेराही थांबले. खाली गालिचा, चॉकलेटी जमिनीचा. मधोमध गुलाबांचं वर्तुळ. चार कोपऱ्यांत निळ्या फितींच्या गाठी. काठाला ती इंग्लंडातल्या झाडाची फळं, ज्यांना तू टोपीवाल्या सुपाऱ्या म्हणायचास. आणि वर्तुळातले अकरा गुलाब फिके, दारासमोरचा बारावा गडद. होय. तोच.

विलायतेतल्या कुठल्या लॉर्डाच्या घरातून कुठल्या संस्थानिकाकडे आला, त्यांच्याकडून शेठकडे, आणि शेठने योकोहामाच्या सिंधी व्यापाऱ्याच्या दलालाला दिला. मला वाटलं होतं समुद्रापलीकडे गेला, विषय संपला. आणि तो इथे माझी वाट बघत पसरलेला. ओगावा-सान समजावून सांगू लागल्या आणि पूर्वी भाषांतर करू लागली. जुन्या इंग्लिश घरांत म्हणे छताची नक्षी आणि गालिच्याची नक्षी जुळती असायची, वर जे चुन्यात तेच खाली लोकरीत. इथे गालिचा आधी आला, म्हणून त्यांनी छत गालिच्यावरून बेतलं. आणि जपानी कारागीर, लक्ष्मण! बारा फुलांतलं एक गडद दिसलं म्हणून त्यांनी छतातल्या बारा फुलांतलंही एक गडद रंगवलं. भूकंपात पूर्ण छतातून नेमकं तेवढंच फूल, लोखंडी सळीसकट, सुटलं आणि खाली आपल्या भावंडावर पडलं. गालिचा तिथे फाटलाय, दोन वीत.

पुढची गंमत ऐक. भिंतीवर पितळी पाटी आहे, जपानीत आणि इंग्रजीत. पूर्वीने वाचून दाखवली: ‘इंग्रज सरदार घराला दृष्ट लागू नये म्हणून गालिच्यातलं एक फूल मुद्दाम काळसर ठेवत.’ ही थाप कोणाची ते तुला सांगायला नको. शेठने दलालाला मारली असणार, दलालाने सिंध्याला, सिंध्याने जपान्याला, आणि आता ती पितळेत कोरलेली आहे. लग्नात नवरा-नवरीला त्या फुलाच्या दोन बाजूंना उभं करतात. नवरीला ते गडद दिसतं, नवऱ्याला फिकं. लग्न लावणारा पाद्री, जो खरा पाद्री नसून कॅनडाचा इंग्रजीचा मास्तर आहे, तो सांगतो की फूल एकच, पाहणारे दोन, यालाच संसार म्हणतात. आतापर्यंत चारशेवर लग्नं लागली त्या फुलावर. आणि तुझं एक लग्न त्याच फुलापायी वर्षभर लांबलं.

मी गप्प बसून परत आलो असतो. शपथ. पण ओगावा-सान म्हणाल्या, आमचं एक कोडं कोणालाच सुटलेलं नाही, आणि गालिच्याचा कोपरा उलटला. खाली कापडाची पट्टी शिवलेली. टोकियोहून कोणी विद्वान येऊन गेले, त्यांच्या मते ती विणकऱ्यांची गुप्त खूण असावी. पूर्वी वाकली आणि शाळेत हात वर करावा तशी ओरडली, ‘आजोबा, हे तर मराठी! चारशे सतरा. आणि मो.’ मग माझ्याकडे बघून, ‘मो म्हणजे तुम्ही?’ तिला ‘हो’ला जपानीत काय म्हणतात ते येतं. मी मान हलवायच्या आत तिने सांगून टाकलं.

त्या दिवसापासून मी इथे सेन्सेई आहे. म्हणजे गुरुजी. मी सांगितलं, देवाशपथ सांगितलं, की काम माझं नाही, फूल लक्ष्मणने भरलं, मी फक्त गालिचे रिठ्याने धुवायचो आणि नंबराच्या पट्ट्या शिवायचो. ओगावा-सान कमरेत वाकल्या. नीलकंठ म्हणाला, ‘बाबा, इथे मोठा माणूस नेहमी असंच म्हणतो, की मी काहीच केलं नाही.’ मी म्हटलं, अरे पण मी खरंच काही केलं नाही! पूर्वीने तेही सांगितलं. बाई आणखी वाकल्या. माझी गोची बघ. जितकं नाकारावं तितका मान वाढतो. सातवी नापास होता होता वाचलो म्हटलं, तर खात्यातल्या एकीने डोळे टिपले. मग पातळ काकडीची सँडविचं आली, चारी कडा कापलेली. काळजीने मी अकरा खाल्ली. त्या कापलेल्या कडांचं काय करतात, हे विचारायचं राहूनच गेलं. पुढच्या आठवड्यात गावच्या वर्तमानपत्रात फोटो, मी गुडघ्यावर, हात फुलावर. लोकांना वाटलं ध्यान लावलंय. खरं म्हणजे गुडघा अडकला होता.

दिवाणखाना सप्टेंबरात पुन्हा उघडायचाय. फाटलेलं फूल पुन्हा भरायला किमुरा-सान म्हणून एक तरुण बाई येते. हात बघितले तिचे, तुझ्यासारखेच, बोलताना सुद्धा गाठ मारल्यासारखे हलतात. मला हायसं वाटलं, चला, आपल्याला सुई धरायला लागणार नाही. पण जूनमध्ये मला बोलावणं आलं, पूर्वीला घेऊन गेलो. गालिचा पालथा घातलेला. ती आणि ओगावा-सान, दोघी गुडघ्यांवर बसलेल्या. किमुरा-सान म्हणाली, गुरुजी, मूळ नक्षीप्रमाणे लव सरळ घ्यायची, की तुम्ही ठेवली तशी उलट, हे आम्ही ठरवणं बरोबर नाही. आणि लाकडी तबकात ठेवून, दोन्ही हातांनी, माझ्यासमोर काय धरलं असेल? खडू.

तुला मी लव काय ते सांगतोय म्हणून हसू नकोस, पण या वेळी पायरी पायरीने लिहू दे, नाहीतर मी पुन्हा पळवाट काढीन. मांजराच्या पाठीवरून हात फिरवला तर एकीकडून मऊ लागतं, दुसरीकडून केस उभे राहतात, तसंच गालिच्याचं. लव तुमच्याकडे तोंड करून झोपली असेल तर रंग गडद, पाठ करून असेल तर फिका. सगळ्या गालिच्याची लव एकाच बाजूला झोपलेली असते. रफूवाला मागच्या बाजूने काम करतो, आणि त्या फुलाची तर हातभर जागा झिजून टक्कल झालेली. तुझ्या बोटांना लव लागणार कुठून? म्हणून सुलट्या बाजूवर हात फिरवून लव पाहायची आणि मागे खडूने बाण काढायचा, हे काम माझं होतं. सत्त्याऐंशी सालचा श्रावण. मी हात फिरवला, लव खिडकीकडे होती. मग चौघांनी मिळून गालिचा पालथा घातला. रुंदीने घालायचा तो जागा अपुरी म्हणून लांबीने घातला, म्हणजे खिडकीकडचं टोक दाराकडे आलं. आणि मी बाण काढला खिडकीकडे.

लक्ष्मण, तो बाण मी चुकीचा काढला होता. तू अठरा दिवस मान मोडून, बाणावर विश्वास ठेवून, फूल भरलंस. दलालासमोर गालिचा पसरला आणि दारातून ते फूल काळं दिसलं. शेठचा आवाज अजून कानात आहे. मला आधीच दोन वेळा ताकीद मिळालेली, तिसरी चूक म्हणजे रस्ता. मी मागच्या बाजूला पाहिलं तर बाण नव्हताच. पुसलेला, ओल्या फडक्याने, स्वच्छ. मला वाटलं देवानेच पुसला. त्या शनिवारी मी मारुतीला तेल घातलं, इतका मी मूर्ख. तू शेठसमोर खाली मान घालून एवढंच म्हणालास, ‘चुकलं, शेठ.’ आणि सुई डबीत ठेवून गेलास. मार्गशीर्षात तुझं लग्न ठरलेलं. सुलेखावहिनींच्या वडिलांनी सांगितलं, आधी काम बघा मग मुलगी. नंतर तू गिरगावात रफूचं दुकान टाकलंस हे कळलं. दोनदा येऊन समोरच्या फुटपाथवरून पाटी वाचून गेलो. पाटी छान आहे. आत आलो नाही.

इतकी वर्षं मी मनाशी म्हणायचो, लक्ष्मणला माहीतच नाही, मग दुखवायचं कशाला. तेवढ्यावर झोप यायची. पण त्या दिवशी किमुरा-सानने भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, गुरुजी, एक गोष्ट कळत नाही. फुलाच्या सगळ्या ओळी उलट लवेच्या आहेत, फक्त अगदी शेवटच्या दोन, काठाजवळच्या, सरळ आहेत. असं का? मी भिंगातून पाहिलं. काठाजवळ जुनी लव थोडी शिल्लक होती. तिथे तुझ्या बोटांना ती लागली असणार. म्हणजे शेवटच्या दिवशी तुला कळलं होतं. सगळं उसवायला वेळ नव्हता, दलाल दुपारी यायचा होता. तू दोन ओळी सरळ घातल्यास, आणि मग फडकं ओलं करून माझा बाण पुसलास. देवाने नाही. आणि वर दरवर्षी कार्ड, ‘मोरूदादा, खुशाली कळव.’ मी भिंग धरून तिथेच रडलो. दोघी बायकाही डोळे पुसू लागल्या. पूर्वीने त्यांना काय सांगितलं देव जाणे, पण तेव्हापासून मला चहाबरोबर सँडविचं दुप्पट येतात.

मी खडूला हात लावला नाही. म्हटलं, माझ्या गुरूला विचारल्याशिवाय सांगता यायचं नाही. हे मात्र त्यांना लगेच पटलं. खडू त्यांनी माझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवून दिला, तो धुण्यात गेला आणि सुचेताने वाळवून पुन्हा खिशात ठेवला, ते आणखी वाईट. किमुरा-सान एक ऑगस्टला येणार आहे. नीलकंठला मी काल सगळं सांगितलं. टांगलेला चमचा बोटाने थोपवून तो म्हणाला, ‘बाबा, लोकरीच्या गोंड्यांचे काका ना? आधी त्यांना लिहा.’ म्हणून हे तिसरं फाडलं नाही. माफी मागायची होती, ती मागतो, पण नुसती माफी कागदावर लिहून पाठवणं मला सोपं वाटतं. म्हणून पाकिटात एक कोरी पट्टी ठेवली आहे, आपल्या कारखान्यातल्यासारखीच, कापून, कडा दुमडून. तिच्यावर तुझं नाव लिही, पूर्ण, आणि खाली एकच शब्द: सरळ किंवा उलट. तू म्हणशील तशी लव झोपेल. माझी पट्टी उसवून त्या जागी तुझी शिवायचं ओगावा-सानने कबूल केलंय, फक्त त्यांना तुझ्या हातचं अक्षर हवं. तू आलास तर नीलकंठ विमानतळावर येईल, पण ते तुझ्यावर. आणि काही लिहावंसं वाटलं नाही, तर पट्टी कोरीच परत पाठव. मी समजेन. पण पाठव, लक्ष्मण, लवकर पाठव. टपालवाला इथे अकराला येतो. मी साडेदहापासून खाली उभा असतो. हे पत्र अजून पेटीत पडायचंय, तरी आजही जाऊन उभा राहून आलो.

तुझाच,
मोरूदादा